पीस म्हणजे शरीराने टाकलेला कचरा?

संपादक महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतील पक्ष्यांच्या पिसांच्या उगमाविषयीचा लेख वाचला. पिसे उडण्यासाठी किंवा ऊब धरण्यासाठी निर्माण झाली नाहीत, तर प्रथिनयुक्त आहारामुळे शरीरात साचणारी गंधकयुक्त अमिनो आम्ले बाहेर टाकण्याची ती एक वाट होती, हा जर्मन पक्षीतज्ज्ञ योझेफ राइखहोल्फ यांचा सिद्धान्त लेखकाने हिरिरीने मांडला आहे. त्यावर आलेल्या पत्रांत त्याची नुसती टर उडवली गेली, हे मला रुचले नाही. अर्धवट पिसाचा त्या प्राण्याला काय उपयोग होता, हा त्यामागचा प्रश्न रास्त आहे आणि पिसाची सांगड केवळ उड्डाणाशी घालणाऱ्या जुन्या समजुतीला त्याचे उत्तर देता येत नव्हते. तरीही लेखकाचा निष्कर्ष मला पटलेला नाही.

पिसे ज्याची बनतात त्या केराटिन या प्रथिनामध्ये सिस्टीन हे गंधकयुक्त आम्ल भरपूर असते, हे खरे. पण तेवढ्यावरून ते शरीराला नकोसे होते असे ठरत नाही. कोंबड्या पाळणाऱ्या कोणालाही विचारावे. ज्यापासून शरीर सिस्टीन बनवते ते मिथिओनिन धान्याच्या खाद्यात अपुरे पडते, म्हणून ते वेगळे मिसळावे लागते. ते कमी पडले की पिसे नीट भरत नाहीत आणि कोंबड्या एकमेकींची पिसे टोचून खाऊ लागतात. पदरचे पैसे मोडून जे खाद्यात घालावे लागते, त्याला टाकाऊ कसे म्हणावे? शिवाय जादा गंधक सल्फेटच्या रूपाने मूत्रपिंडावाटे रोज बाहेर पडत असते, तर बहुतेक पक्ष्यांची पिसे वर्षातून एकदा किंवा दोनदाच बदलतात. हिवाळ्यात आपल्या करमळीच्या तळ्यावर उतरणारी तलवार बदके तिकडे उत्तरेत विणीनंतर उड्डाणाची सारी पिसे एकदम टाकतात आणि नवी येईपर्यंत काही आठवडे त्यांना उडताच येत नाही. मलविसर्जनासाठी एवढा जीवघेणा धोका कोण पत्करील?

त्याहून मोठी अडचण पिसाच्या घडणीची आहे. मधला दांडा, त्याला फुटलेले तंतू, तंतूंना उपतंतू आणि शेजारच्या उपतंतूंना एकमेकांत अडकवणारे सूक्ष्म आकडे, असा हा बांधेसूद प्रकार आहे. केराटिन बाहेर टाकायचे एवढाच हेतू असता तर सापासारखी कात टाकूनही भागले असते. आकड्यांची गरज काय होती, हे हा सिद्धान्त सांगत नाही.

जीवाश्मांकडे लेखकाने जवळजवळ दुर्लक्षच केले आहे. चीनच्या लिआओनिंग प्रांतातील सायनोसॉरॉप्टेरिक्स या छोट्या डायनोसॉरचे वर्णन १९९६ साली झाले, तेव्हा त्याच्या अंगावर लवीसारखे साधे धागे दिसले. अमेरिकी पक्षीतज्ज्ञ रिचर्ड प्रम यांनी १९९९ मध्ये पिलांतील पिसांच्या वाढीवरून जो क्रम मांडला, त्यातही पहिली पायरी साध्या पोकळ नळीचीच आहे. हे धागे म्हणजे कुजलेल्या कातडीतील कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन असावे, अशी शंका काहींनी काढली होती. पण २०१० मध्ये त्यांत रंगकण आढळले, शेपटीवर तांबूस-पांढरे पट्टे असल्याचे दिसले आणि त्या शंकेतला जोर बराच ओसरला. माझ्या मते या पट्ट्यांकडे पाहता ऊब आणि अंगावरच्या रंगांचे प्रदर्शन ही दोन कारणे अधिक संभवनीय वाटतात, जरी त्यांतले आधीचे कोणते हे धाग्यांवरून ठरवता येत नाही.

लेखकाने एका गोष्टीचा खुलासा करावा, अशी विनंती आहे. उपजत पिसेच नसलेल्या कोंबड्या अस्तित्वात आहेत. इस्राएलमधील संशोधक अविग्दोर काहानेर यांनी उष्ण हवामानासाठी वाढवलेल्या अशा कोंबड्यांची २००२ मध्ये बरीच चर्चा झाली होती. त्या गंधकाच्या साठ्याने आजारी पडत नाहीत. उलट पिसांवर खर्च न होणारे प्रथिन त्यांच्या वाढीच्या कामी येते. पुढे मूत्रपिंडांनी हे काम उचलले, असे उत्तर लेखक देतील, तर ते नेमके केव्हा आणि कशावरून, हेही त्यांनी लिहावे.

आपला,
जीवशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक,
फोंडा, गोवा