जॅकीची बाटली मी घेऊन आलेय

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, सोप्यावरच्या कपाटातली ती काळपट बाटली आता शोधू नका. ती पुण्यात माझ्याकडे आहे. गणपती पोचवून आलो, तुम्ही जरा आडवे झालात, तेव्हा मी ती बॅगेत टाकली. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं, तिला बोलू नका. तोंडावर सांगितलं असतं तर वाद झाला असता. घरात पाहुणे, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी अजून उतरवायची होती, आणि विर्डीच्या आत्यासमोर आपला दोघांचा आवाज चढलेला मला नको होता. फोनवर सांगावं तर तुम्ही 'बरं, बरं' म्हणता आणि फोन आईकडे देता. म्हणून हे पत्र.

जॅकीला पायांच्या दुखण्यावर देता ते तेलाचे थेंब बंद. हे मी विचारत नाहीये, ठरवून टाकलंय. पण का ठरवलं ते सगळं सांगते. कारण न सांगता हुकूम सोडलेला तुम्हाला कधीच चालला नाही, आणि तीच सवय तुम्ही मला लावलीत.

आधी हे सांगते की तुम्ही वाईट काही केलं नाहीत. सकाळी उठताना त्याचे मागचे पाय घसरतात, तो आपल्याकडे बघतो आणि पुन्हा खाली बसतो. ते मलाही बघवत नाही. हरमलच्या दुकानात कोणी सांगितलं की हेंपचं, म्हणजे भांगेच्याच जातीच्या झाडाचं तेल आहे, झाडपाल्याचं आहे, परदेशातले लोक आपल्या कुत्र्यांना देतात, तर कोणीही घेतलं असतं. परदेशात देतात हे खोटंही नाही. 2018 मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या लोकांनी सांधे झिजलेल्या सोळा कुत्र्यांवर सीबीडी, म्हणजे हेंपमधलं नशा न आणणारं द्रव्य, वापरून पाहिलं. त्यांचं दुखणं कमी झालं, हालचाल वाढली. पण त्याच कुत्र्यांच्या रक्तात यकृताचा एक एन्झाइमही वाढलेला दिसला. पुढे 2021 मध्ये कोलोरॅडोत तसाच प्रयोग झाला, तेव्हा सीबीडी दिलेली कुत्री आणि नुसतं साधं तेल दिलेली कुत्री यांच्यात दुखण्याच्या बाबतीत काही फरकच सापडला नाही. यकृताचे आकडे मात्र तिथेही चढले. म्हणजे फायदा होईल की नाही याबद्दल दोन मतं, आणि यकृताबद्दल एकच. जॅकीला दोन पावसाळ्यांपूर्वी गोचीड ताप येऊन गेला तेव्हा त्याचं यकृत कुठवर गेलं होतं, आठवतंय ना?

आता त्या बाटलीचं. तुम्हाला माहीत आहे, माझी नोकरीच औषधांची लेबलं वाचायची आहे, तेव्हा ही सवय घरीही सुटत नाही. लेबलवर मोठ्या अक्षरात 'हेंप सीड ऑइल' आणि खाली '500 मिलिग्रॅम'. कशाचे 500, ते कुठेच नाही. हेंपच्या बियांच्या तेलात सीबीडी जवळजवळ नसतंच, ते असतं फुलात आणि पानात. बियांचं तेल आपल्याकडे खाण्यासाठी विकायला 2021 पासून परवानगी आहे. त्याने कोणाचं काही बिघडत नाही आणि गुडघाही सुधारत नाही. बरं, दुकानदाराचा शब्द खरा मानू आणि ते 500 मिलिग्रॅम सीबीडीच आहे असं धरू. बाटली 30 मिलिलिटरची. एका मिलिलिटरचे साधारण वीस थेंब, म्हणजे एका थेंबात एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. तुम्ही एका वेळी पाच थेंब घालत होतात, म्हणजे झाले चारेक मिलिग्रॅम. कॉर्नेलच्या प्रयोगात दर किलो वजनाला 2 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा दिलं होतं. आपला जॅकी बावीस किलोचा धरला (तुम्ही वीस म्हणता, पण त्याला खायला कोण घालतं ते मला ठाऊक आहे) तरी एका वेळचे 44 मिलिग्रॅम होतात. तुमच्या पाच थेंबांच्या दहापट.

आणि तरीही ज्या दिवशी तुम्ही ड्रॉपर भरून दिलात, त्या दिवशी तो तसा झाला. न्हाणीच्या पायरीवर झोकांड्या, भांडं पडलं की दचकणं, उभ्या उभ्या लघवी गळणं, आणि मग दुसऱ्या दुपारपर्यंत पडून राहणं. तुम्ही फोनवर म्हणालात, 'कधी नव्हे तो शांत झोपलाय.' बाबा, ती झोप नव्हती. इथल्या डॉक्टरांना मी सगळं वर्णन जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, त्यात टीएचसी होतं का? नशा आणणारा भाग तो. कुत्र्याच्या मेंदूत तोल सांभाळणाऱ्या भागात या द्रव्याला धरणाऱ्या जागा माणसापेक्षा कितीतरी जास्त असतात, म्हणून आपल्याला जाणवणारही नाही इतक्यात तो कोसळतो. हेंप म्हणजे टीएचसी 0.3 टक्क्यांच्या आत, हा अमेरिकेतल्या कायद्याचा आकडा. पण तो बाटलीत पाळला आहे हे कोणी तपासलं? 2017 मध्ये तिथेच ऑनलाइन विकली जाणारी सीबीडीची 84 उत्पादनं प्रयोगशाळेत तपासली, तर जेमतेम 31 टक्क्यांवर लिहिलेलं प्रमाण बरोबर निघालं, आणि 18 उत्पादनांत टीएचसी सापडलं. जिथे इतके नियम तिथे ही गत. आपल्या बाटलीवर तर बॅच नंबरसुद्धा नाही.

'झाडपाल्याचं आहे, शंकराला चालतं' हे तुमचं वाक्य मला आत्ताही ऐकू येतंय. धोतराही आपल्या परसात उगवतो बाबा, आणि तोही शंकरालाच वाहतात. आयुर्वेदातही विजया, म्हणजे भांग, शोधन (शुद्ध) केल्याशिवाय वापरत नाहीत, आणि आपल्या औषधांच्या कायद्यात ती वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. प्राण्यांसाठी म्हणून सीबीडीचं एकही औषध अमेरिकेच्या औषध खात्याने मंजूर केलेलं नाही.

मोत्याच्या वेळी जे झालं ते मी विसरलेले नाही. तुम्हीही नाही. त्या रात्री पुराच्या पाण्यातून त्याला खांद्यावर घेऊन तुम्ही म्हापशापर्यंत गेला होतात, आणि मी खिडकीत बसून आईला विचारत होते की बाबांच्या चपला वाहून गेल्या तर? तुम्ही दोघं ओलेचिंब परत आलात तेव्हा तुमच्या पायात खरंच एकच चप्पल होती. जनावराला वेळेवर डॉक्टर दाखवायचा हे मी तुमच्याकडूनच शिकले. मग आता जॅकीच्या वेळी दुकानदार का?

तर हे असं करायचं. म्हापशाच्या डॉक्टरांकडे येत्या शुक्रवारी सकाळची वेळ घेतली आहे. बाजाराची गर्दी असेल, पण बाबूची रिक्षा ठरवली आहे. तो दारात येईल, जॅकीला तोच उचलेल. तुम्ही उचलायचं नाही. फी मी भरली आहे. आधी त्याच्या रक्ताची तपासणी होईल, यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही. ते ठीक निघालं तर सांध्यांच्या दुखण्यावरची कुत्र्यांची गोळी डॉक्टर वजनाप्रमाणे लिहून देतील. ती जुनी आहे, तपासलेली आहे आणि तिचे दोष ठाऊक आहेत. तुमच्या डब्यातली दुखण्याची गोळी त्याला तोडून देऊ नका, अर्धीसुद्धा नाही. आणि मनीला तर पॅरासिटामॉलचा वासही नको, मांजर त्याने मरतं.

औषधाइतकंच बाकीचं महत्त्वाचं. त्याचं वजन उतरायला हवं. पाववाल्या पोदेराची सायकल वाजली की त्याला अर्धी पोळी, मग तुमच्या ताटातला बांगडा, मग आईचं लपूनछपून शीत-हुमण. आई, मला सगळं माहीत आहे गो. सोप्यावरच्या लाद्या त्याला घसरतात, तिथे मी पाठवलेल्या रबरी मागच्या चटया अंथरा. एक त्याच्या बसायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, एक न्हाणीकडे. त्यातली एक बाबांच्या आरामखुर्चीसमोरही टाका, ती त्यांच्यासाठीच जास्तीची पाठवली आहे. जाड गादीही येते आहे, तिचं कव्हर मशीनमध्ये धुता येतं. सकाळी फिरणं थोडं, पण रोज.

दिवाळीच्या आदल्या, नरकासुराचे पुतळे फिरवतात त्या गोंगाटाच्या रात्रीसाठीही तुम्ही ते थेंब राखून ठेवले होते, हे आईच्या बोलण्यातून कळलं. आवाजाच्या भीतीवर सीबीडीची बिस्किटं देऊन 2020 मध्ये पाहिलं गेलं आहे, त्याने कुत्र्यांची भीती कमी झाली नाही. त्याच प्रयोगात नेहमीच्या वापरातल्या एका गोळीने ताण उतरला. तेव्हा शुक्रवारी डॉक्टरांना ही गोष्टही सांगा, ते दिवाळीपुरतं काही देतील. त्या संध्याकाळी पोरं वाड्यावर नरकासुर घेऊन फिरायला लागायच्या आत त्याला बाहेर काढून आणा, मग मधल्या खोलीत ठेवा, खिडकी बंद, पंखा जोरात, टीव्ही चालू. बाबा, तुम्ही त्याच्याजवळ बसलात तर बाकी काही लागणारही नाही कदाचित.

वरच्या खोलीतल्या पाहुण्यांनाही एक सांगायला हवं. काहीजण गमीज, बिस्किटं, चॉकलेट असलं काहीबाही घेऊन येतात आणि अर्धवट टाकून जातात. त्यात गांजा तर असतोच, वर कधी चॉकलेट किंवा मनुका, कधी झायलिटॉल नावाचं साखरेऐवजीचं गोड द्रव्य असतं, जे कुत्र्याला मारायला एकटंच पुरेसं आहे. खोली झाडणाऱ्या बाईला सांगून ठेव आई, कचरा झाकणाच्या डब्यात. आणि जॅकी पुन्हा कधी तसा झोकांड्या द्यायला लागला तर घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका, ठसका लागून फुप्फुसात जाईल. पांघरूण घाला, दिवा मंद करा आणि सरळ डॉक्टर. काय खाल्लं ते त्यांना लाज न धरता सांगायचं, ते पोलीस नव्हेत. मनीने त्याचं तोंड चाटलं तर? चाटू देऊ नका. मांजरांवर हे फारसं कोणी तपासलेलंच नाही.

आता जे लिहायला मी इतका वेळ लावला ते.

बाटली तुम्ही नारळी पौर्णिमेला आणलीत. चवथीला ती तळाला होती. दिवसाला दहा थेंब म्हटले तर सहाशे थेंबांची बाटली दोन महिने पुरायला हवी. तो भरलेला ड्रॉपर धरला, सांडलं-लवंडलं धरलं, तरी हिशेब लागत नाही. जॅकीच्या गुडघ्यांना लागतं ते तुमच्याही गुडघ्यांना लागेल, असं तुम्हाला वाटलं असणार. मी रागावलेली नाही. मला फक्त एवढं दिसतंय की आईने मागच्या आठवड्यात तुमचा ब्रश बदलून मऊ आणला, कारण हिरड्यांतून रक्त येतं. बाबा, तुम्ही हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनपासून रक्त पातळ करायची गोळी घेता. ती गोळी यकृत ज्या एन्झाइमने मोडतं, तोच सीबीडी अडवतं, आणि मग गोळी रक्तात साचत जाते. कुत्र्यांच्या फिटच्या औषधांबाबत जी काळजी घ्यायला सांगतात, ती याचसाठी. कदाचित हिरड्यांचं कारण वेगळंच असेल, ब्रश खरंच टणक असेल. पण या सोमवारी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जाऊन आयएनआर, म्हणजे रक्त किती वेळात गोठतं ती तपासणी, करून यायचं, आणि डॉक्टरांना थेंबांबद्दल स्वतःहून सांगायचं. गोळी मनाने कमी-जास्त करायची नाही. बाबू सोमवारीही येईल. पेज पिऊन निघा, उपाशी जाऊ नका, त्या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही.

गुडघ्यांचं आपण बघू. दिवाळीला मी चार दिवस जास्तीची रजा टाकली आहे, तेव्हा हाडांच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन जाईन. मला ठाऊक आहे, तुम्हाला कोणाला त्रास द्यायचा नसतो. पण जॅकीला दुखतंय हे तुम्ही वेळेवर ओळखता आणि स्वतःचं मात्र कपाटातल्या बाटलीत लपवता, हे बरं नव्हे.

दोघांचेही रिपोर्ट आले की फोटो काढून पाठवा. बाबांना जमलं नाही तर आई, तू शेजारच्या पोराकडून पाठव.

तुमची,
बाय

ता. क. शुक्रवारी निघण्याआधी जॅकीचं नेमकं वजन हवं, गोळी त्यावर ठरते. बाबूला त्याला घेऊन वजनकाट्यावर उभा कर, मग एकट्या बाबूचं वजन त्यातून वजा कर. आदल्या रात्री पोळी द्यायची नाही, हे दोघांनाही लागू.