तीन वर्षे टिकणारा शिधा, पण कोणत्या तापमानाला?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सैनिकांना मोहिमेवर दिल्या जाणाऱ्या तयार अन्नाच्या पाकिटांबद्दल काहीही छापून आले, की त्यात ‘हे अन्न तीन वर्षे टिकते’ हे वाक्य हमखास असते. ते चुकीचे नाही, पण अर्धवट आहे. अमेरिकी सैन्याच्या ‘एमआरई’ (मील, रेडी-टू-ईट, म्हणजे खायला तयार जेवण) शिध्याला लावलेली कसोटी अशी आहे : २७ अंश सेल्सिअसला तीन वर्षे आणि ३८ अंशांना सहा महिने. अकरा अंश वाढले, की आयुष्य सहाव्या हिश्श्यावर येते. याच धर्तीची पाकिटे आता गिर्यारोहक घेतात, पूर-भूकंपासाठी साठा करणाऱ्या संस्था घेतात. हा दुसरा आकडा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून हे पत्र.

मुळात हे अन्न टिकते कसे? पाकिटातला शिजवलेला पदार्थ रिटॉर्ट पाऊचमध्ये, म्हणजे जास्त उष्णता सोसणाऱ्या चपट्या पिशवीत, भरतात. बाहेर पॉलिएस्टर, मध्ये ॲल्युमिनियमची फॉइल, आत अन्नाला लागून पॉलिप्रॉपिलीन असे त्याचे मुख्य थर. हवा काढून तोंड सील केले, की पाऊच दाबाच्या भांड्यात सुमारे १२१ अंशांना तापवतात. घड्याळ लावायचे ते भांड्याच्या तापमानावर नव्हे, तर पाऊचमधल्या सर्वांत उशिरा तापणाऱ्या जागेवर. तिथे १२१ अंशांची किमान तीन मिनिटे, किंवा तेवढाच परिणाम साधणारी उष्णता, मिळाली तरच बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूंचे बीजाणू (त्यांची चिवट, सुप्त रूपे) मरतात. पाऊच चपटा असल्याने उष्णतेला मध्यापर्यंत फार अंतर कापावे लागत नाही. डब्यात कडेचे अन्न जसे जास्त शिजून लगदा होते, तसे इथे कमी होते. भांडे थंड करताना बाहेरचा दाब एकदम उतरवला तर आतल्या वाफेने सील फाटते, म्हणून थंड होईपर्यंत हवेचा दाब धरून ठेवावा लागतो.

सील शाबूत असेल तर असे अन्न गोदामातल्या उष्म्याने सहसा विषारी होत नाही. मात्र उष्ण जागीच वाढणाऱ्या काही जंतूंचे बीजाणू १२१ अंशांतूनही वाचतात. एरवी ते निपचित पडून असतात. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद वाहनात पारा पंचेचाळीस-पन्नासवर रेंगाळला, की ते जागे होतात आणि पाऊच न फुगताही आतले अन्न आंबते. त्याहून अधिक सरसकट होणारे नुकसान चवीचे : रस्सा काळपट पडतो, चीज तपकिरी होते, तेलकट पदार्थांना खवट वास येतो, क आणि ब-१ जीवनसत्त्वे झपाट्याने घटतात.

चवीचे काय एवढे, असे कुणी म्हणेल. एका एमआरईत सुमारे १,२५० उष्मांक असतात आणि दिवसाला तीन पाकिटांचा हिशेब धरलेला असतो. पाठीवरचे ओझे कमी करायला सैनिक मोहिमेआधीच पाकीट फोडून नको ते काढून टाकतात. उरलेल्यातलेही बेचव लागले तर तेही जाते. फेकलेल्या पाकिटातले उष्मांक कागदावरच राहतात. १९४४ मध्ये ब्रह्मदेशच्या जंगलात ‘मेरिल्स मरॉडर्स’ ही अमेरिकी तुकडी काही महिने मुख्यत्वे ‘के-रेशन’वर लढली. तो शिधा थोड्या दिवसांच्या गरजेसाठी बनवलेला होता. तेच तेच खाऊन माणसे कंटाळली, शिध्यातला काही भाग टाकून देऊ लागली, खंगली. आजही केवळ एमआरईवर २१ दिवसांपेक्षा जास्त राहू नये असाच दंडक आहे.

साठा सांभाळणाऱ्याने एमआरईच्या खोक्यावरची छोटी गोल खूण आधी पाहावी. बाहेर लाल कडे, आत फिकट ठिपका. तो ठिपका काळ आणि उष्णता दोन्ही मोजत हळूहळू गडद होत जातो. कड्यापेक्षा फिकट असेल तोवर ठीक. कड्याइतकाच झाला तर ते खोके आधी काढावे, मग तारीख काहीही असो. कड्यापेक्षा गडद दिसला तर तपासणीशिवाय वाटू नये. ही खूण खोक्यावर असते, आतल्या पाकिटावर नसते. खोके फोडून पाकिटे सुटी केली, की त्यांनी किती ऊन सोसले हे सांगणारे काही उरत नाही. म्हणून सुटी पाकिटे साठ्यात ठेवूच नयेत. पाकिटावरचा चार आकडी क्रमांकही मुदतीचा नसून पॅक केल्याचा असतो. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा, पुढचे तीन वर्षातल्या दिवसाचे. ४१२० म्हणजे २०२४ मधला १२०वा दिवस, २९ एप्रिल. याच आकड्यांना मुदत समजून चांगला माल टाकला जातो, नाहीतर जुना माल नवा म्हणून ठेवला जातो.

देण्याआधी पाऊच हातात घेऊन सीलवरून अंगठा फिरवावा. सील करताना अन्नाचा एखादा धागा किंवा तेलाचा थेंब तिथे अडकला असेल तर बारीक उंचवटा लागतो, आणि गळती तिथूनच सुरू होते. कोपरे उजेडात पाहावेत. घडी पडून पडून फॉइलला टाचणीएवढे भोक पडते ते तिथेच. पाऊचभोवती पुठ्ठ्याचे वेष्टन असते ते या घासाघाशीसाठी, त्यामुळे जागा वाचवायला ते काढू नये. फुगलेला, ओलसर किंवा चिकट लागणारा पाऊच चाखून पाहायचा नाही, थेट टाकायचा. बोट्युलिझमच्या विषाला वास असतोच असे नाही.

अन्न गरम करायला पाकिटासोबत येणाऱ्या, विस्तवाशिवाय चालणाऱ्या हीटरबद्दलही थोडे. त्यात लोखंड मिसळलेली मॅग्नेशियमची भुकटी आणि मीठ असते. पाणी घातले की उष्णतेबरोबर हायड्रोजन सुटतो, आणि तो पेट घेतो. बंद तंबूत, वाहनात किंवा विस्तवाजवळ हीटर वापरू नये. पाणी पिशवीवरच्या रेघेपर्यंतच घालावे. जास्त घातले तर उष्णता पाणी तापवण्यातच जाते आणि बारा मिनिटांनीही अन्न कोमटच राहते. न वापरलेले हीटर ओल्या कचऱ्यात टाकले तर तिथे तापतात, वायू सोडतात.

आपल्या वृत्तपत्राला विनंती एवढीच, की टिकाऊपणाचे वर्ष छापताना शेजारी तापमानही छापावे. आणि साठा करणाऱ्यांनी कमाल-किमान तापमापक खालच्या थराजवळ टांगू नये. छताखालच्या सर्वांत वरच्या खोक्यावर ठेवावा आणि त्याची नोंद दुपारी घ्यावी.

आपला,
अन्नसाठवणुकीच्या क्षेत्रातील एक वाचक