मागणी वहीतला उत्तराचा रकाना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आपल्या सोलापुरातल्या वाचनालयांत उत्साहाने साजरा होतो. डॉ. कलामांच्या प्रतिमेला हार, ग्रंथप्रदर्शन, एखादे व्याख्यान. हे व्हायलाच हवे. पण वाचक वाचनालयाशी जोडला जातो तो देवघेवीच्या टेबलापाशी, आणि तुटतोही तिथेच. त्या टेबलावर दोरीला पेन बांधलेली एक वही असते, मागणी वही. हे पत्र तिच्यासाठी आहे.

बहुतेक ठिकाणी या वहीत तीन रकाने आखलेले दिसतात : तारीख, वाचकाचे नाव, पुस्तकाचे नाव. उत्तराचा रकाना नसतो, किंवा असला तर कोरा असतो. वाचक एकदा लिहितो, महिन्याने पान उलटून पाहतो, पुन्हा एकदा लिहितो. तिसऱ्यांदा तो पेन उचलत नाही. मग वार्षिक सभेत सांगितले जाते की वाचकांकडून मागणीच येत नाही.

वहीत पाच रकाने हवेत : तारीख, सभासद क्रमांक, काय हवे, काय उत्तर दिले, उत्तराची तारीख. नाव मुद्दाम वगळले आहे. वही उघड्यावर असते. घटस्फोटाच्या कायद्याचे किंवा एखाद्या आजाराचे पुस्तक हवे असलेला माणूस स्वतःचे नाव घालून चारचौघांत ते लिहिणार नाही. ‘काय हवे’ या रकान्यात पुस्तकाचे नाव पाहिजेच असाही आग्रह नको. ‘आईची नजर अधू झाली आहे, मोठ्या टायपातले काही’, ‘ज्वारीवरच्या रोगांचे’, ‘सातवीच्या मुलीला चालेल असे विज्ञानाचे’ अशा नोंदी तर जास्त मोलाच्या. पुस्तकाचे नाव माहीत असलेला वाचक विकतही घेऊ शकतो; नाव माहीत नसलेल्याला वाचनालयच लागते.

उत्तरे चारच प्रकारची असतात. आहे, अमुक कपाटात. बाहेर गेले आहे, अमुक तारखेला परत येईल, तुमच्यासाठी राखून ठेवू. घेणार आहोत. घेता येत नाही, कारण असे असे. यातले चौथे उत्तर द्यायला कर्मचारी कचरतात, आणि नेमके तेच सर्वांत जास्त विश्वास कमावते. ‘आवृत्ती संपली आहे, नवी निघालेली नाही’ हे वाचकाला पटते. गप्प बसणे पटत नाही. शनिवारी अर्धा तास वही घेऊन बसले तर एकही नोंद पंधरा दिवसांपलीकडे अनुत्तरित राहत नाही.

खरी अडचण खरेदीच्या वेळी येते. 1967च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना शासनाचे अनुदान हप्त्यांनी मिळते. हप्ता लांबला की मार्चअखेर खर्ची टाकायची घाई होते आणि विक्रेत्याने आणलेल्या यादीवर खुणा केल्या जातात. अशी खरेदी हिशेबाला चोख असते, पण वर्षभर लिहिलेली वही तेव्हा कोणी उघडलेली नसते. उपाय सोपा आहे. दर तीन महिन्यांनी मागण्या मोजून एक कागद करावा, ग्रंथनिवडीच्या बैठकीत आधी तो वाचावा आणि पुस्तकांच्या रकमेतला किमान चौथा हिस्सा त्या कागदासाठी राखून ठेवावा. त्याला फारसे सोपस्कार लागत नाहीत.

एक उदाहरण देतो. सोलापूरचे चार हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. दरवर्षी जानेवारी उजाडला की शाळकरी मुले त्यांची माहिती शोधत वाचनालयांत येतात. मे 1930मध्ये शहरात लागलेल्या मार्शल लॉबद्दल विचारतात, चीनमध्ये रुग्णसेवा केलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबद्दल विचारतात. ही मागणी ठरलेली आहे, तरी दरवेळी शोधाशोध होते, कारण असा मजकूर चरित्र, इतिहास आणि स्मरणिका अशा तीन कपाटांत विखुरलेला असतो. डिसेंबरातच ती पुस्तके एका फळीवर आणून ‘सोलापूर’ अशी पाटी लावावी. जी एकच प्रत आहे ती घरी न देता तिथेच वाचायला द्यावी.

वाचकांचे एकमेकांशी बोलणे हाही वाचनालयाचाच भाग आहे. पूर्वी पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या तारखेच्या चिठ्ठीवरून कळायचे की हे पुस्तक किती हातांतून गेले आहे. ठसे दाटीने पडलेले असले की नवखा माणूस ते पुस्तक विश्वासाने उचलायचा. संगणकावर देवघेव सुरू झाली आणि चिठ्ठी गेली. ती पुन्हा सुरू करावी. पुस्तक देताना एक शिक्का मारायचे काम आहे, एवढेच. तिच्यासोबत पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे एक कार्ड पुस्तकाच्या खिशात ठेवावे. ‘अभिप्राय लिहा’ म्हटले की लोक ‘छान आहे’ लिहून मोकळे होतात. कार्डावर दोनच प्रश्न छापावेत : कुठल्या पानावर थांबावेसे वाटले? हे पुस्तक कोणाला वाचायला द्याल? ‘सुनेला’, ‘रिक्षा चालवणाऱ्या भावाला’ अशी उत्तरे पुढच्या वाचकाला परीक्षणापेक्षा जास्त सांगून जातात. कार्ड सेलोटेपने चिकटवू नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टेप पिवळी पडते, तिचा डिंक कागदात उतरतो आणि काढायला गेले की पान फाटते. खिसा चिकटवायला साधी मैद्याची खळ पुरते. खळ कशी शिजवायची हे या विणकरांच्या गावाला नव्याने सांगायला नको.

व्हॉट्सॲपचा उपयोग जरूर करावा, पण नीट. ब्रॉडकास्ट यादीतला संदेश ज्याने वाचनालयाचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यालाच पोचतो; म्हणून सभासदत्वाचा अर्ज घेतानाच तो नंबर जतन करून घ्यावा. ग्रुप केला तर फक्त ॲडमिननेच लिहायचे अशी सोय लावावी. नाहीतर सुप्रभातच्या फुलांखाली पुस्तके बुडतात आणि लोक ग्रुप म्यूट करतात. आठवड्यातून एकच संदेश पुरे : मुखपृष्ठाचा फोटो, तीन ओळी, दाखल क्रमांक (वाचनालयाच्या नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक) आणि आज पुस्तक जागेवर आहे की नाही. कोणी पुस्तकाची पीडीएफ टाकली तर लगेच काढावी. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षे पुस्तकावर स्वामित्वहक्क (कॉपीराइट) असतो, आणि लेखकाचा हक्क वाचनालयाने नाही सांभाळायचा तर कोणी?

थकबाकीमुळे यायचे थांबलेले सभासद थोडे नसतात. दंड वाढत जातो तशी लाज वाढते, आणि पुस्तक व वाचक दोन्ही जातात. वर्षातून एक आठवडा दंड माफ करून न विचारता पुस्तके परत घ्यावीत. जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आटोपल्यावरचा आठवडा त्याला सोयीचा. स्मरणपत्रात ‘अन्यथा कारवाई’ लिहिण्याऐवजी ‘या पुस्तकासाठी दुसरे वाचक थांबले आहेत’ असे लिहावे, अर्थात खरोखर कोणी थांबले असेल तेव्हाच.

शेवटी शहराच्या पूर्व भागाबद्दल. तिथे घरात तेलुगू बोलली जाते. शहरात कन्नड आणि उर्दूही घरोघर आहे. या भाषांची पुस्तके कुठे कुठे कपाटात असतात, पण देवघेवीला बसलेल्या माणसाला ती लिपी येत नाही, म्हणून ती जागची हलत नाहीत. अशा प्रत्येक पुस्तकाच्या कण्यावर लेखकाचे व पुस्तकाचे नाव देवनागरीतही लिहिलेले लेबल लावावे. लिपी जाणणारा एखादा सभासद बसवला तर शंभर पुस्तकांचे काम दोन दुपारींत होते. आणि विड्या वळणाऱ्या बायांपर्यंत तर पुस्तक वाचूनच न्यायला हवे. त्यांचे हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. आठवड्यातून एकदा अर्धा तास, पंधरा-वीस पानांची एक कथा, त्यांच्या भाषेत, त्या बसतात त्याच ओट्यावर. पाहुणे नकोत, सत्कार नको. त्यात अर्धा तास तसाच निघून जातो.

हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या संस्थेपासून एका खोलीतल्या वाचनालयापर्यंत हे सगळ्यांना परवडेल. आपल्या वृत्तपत्राकडे एकच मागणे आहे. महिन्यातून एकदा दहा ओळींची जागा द्यावी. शहरातल्या वाचनालयांनी आपापल्या मागणी वहीतल्या दोन नोंदी उत्तरासह, सभासद क्रमांक वगळून, तिथे पाठवाव्यात. कोणत्या वाचनालयात काय मागितले गेले आणि काय उत्तर मिळाले, हे आपल्या वाचकांना छापील दिसू दे.

आपला,
एक ग्रंथालय कर्मचारी, सोलापूर