कोलोसस फ्लॉवर्स यांचे

रविवार पुरवणीतील संगणकाच्या इतिहासावरील लेखात दुसऱ्या महायुद्धातील कोलोसस या संगणक-यंत्राचे श्रेय गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांना दिले आहे, ते चूक आहे. हे यंत्र ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंते टॉमी फ्लॉवर्स यांनी उभारले. तेही जर्मनांच्या एनिग्मा या संकेतयंत्रासाठी नव्हे, त्यांच्याच लॉरेन्झ या दुसऱ्या संकेतयंत्राचे गुप्त संदेश उलगडण्यासाठी. आधीच्या यंत्रात दोन कागदी फिती बरोबरीने पळवाव्या लागत. त्या ताणत, तुटत. फ्लॉवर्स यांनी एका फितीचे काम व्हॉल्व्हकडे, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या निर्वात नळ्यांकडे दिले आणि उरलेली फीत सेकंदाला ५,००० अक्षरे या वेगाने वाचली जाऊ लागली. सुमारे १,६०० व्हॉल्व्ह टिकतील कसे, ही शंका अनेकांना होती. पण व्हॉल्व्ह जातात ते बहुधा चालू-बंद करताना, हे टेलिफोन केंद्रांच्या कामातून त्यांना पक्के ठाऊक होते. म्हणून यंत्र बंदच करायचे नाही! फेब्रुवारी १९४४ मध्ये ते ब्लेचली पार्क या ब्रिटिश संकेतभेद केंद्रात कामाला लागले. कृपया दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, ठाणे