मिठाची जन्मकथा आणि तुझ्याकडे एक मागणं

पेण,
१८ मे

प्रिय मंदार,

फिनलंडहून आलेलं तुझं पुस्तकाचं पार्सल मिळून दोन महिने झाले आणि मी फोनवर "पोचलं रे" एवढंच म्हणालो. तुला वाईट वाटलं असणार. पण वाचून होईपर्यंत सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि वाचून झाल्यावर जे होतं ते फोनवर मावणारं नव्हतं. म्हणून हे पत्र. आज वारा पूर्ण पडलाय, खाडीकडून चिखलाचा वास येतोय, आणि मिठागरांतलं शेवटचं मीठ पाऊस यायच्या आत उचलायची सगळ्यांची घाई चाललीय.

आठवीतला आपला नकाशा आठवतो? चौकोनी वहीची चार पानं चिकटवून केलेला. अग्निदेश, जलदेश, वायुदेश, भूमिदेश, आणि मधोमध रिकामा ठेवलेला आकाशदेश. कादंबरी मी त्याच नकाशावर उभी केली होती. गेल्या दिवाळीत तू दहा प्रकरणं वाचलीस आणि एकच प्रश्न विचारलास: "अग्निदेशातला माणूस हातातून आग काढतो, मान्य. पण आग त्याचं का ऐकते?"

मला उत्तर देता आलं नाही. रक्तातच असतं, वंशातच असतं, असं काहीतरी बोललो. पण त्या प्रश्नाने माझी झोप उडवली. खरंच, आगीने का ऐकावं? ती त्या माणसाची कोण लागते?

तू पाठवलेलं 'कालेवाला', फिनलंडच्या लोकगीतांतून उभं राहिलेलं महाकाव्य, उघडलं तेव्हा हाच प्रश्न डोक्यात होता, आणि नवव्या गाण्यात उत्तर मिळालं. तू तिथे राहतोस, तुला ही गोष्ट ठाऊक असेल, तरी मला ती माझ्या तोंडाने सांगू दे.

म्हातारा व्हाइनामोइनेन होडी करत असतो. कुऱ्हाड निसटते आणि गुडघ्यात रुतते. रक्त थांबेना. एवढा मोठा मंत्रगायक, पण लोखंडाच्या जखमेवरचे शब्द त्याला पुरते आठवत नाहीत. तो घसरगाडीत बसून घरोघर विचारत फिरतो. तिसऱ्या घरात एक म्हातारा भेटतो. सात होड्या आणि आठ पिंपं भरतील इतकं रक्त तोवर वाहून गेलेलं असतं. ते थांबवायचं तर आधी लोखंडाचा जन्म माहीत हवा. मग जखमी व्हाइनामोइनेन स्वतःच तो सांगायला बसतो. हवा ही सगळ्यांची आई. पाणी थोरला भाऊ, आग मधली, लोखंड सगळ्यांत धाकटं. आकाशातल्या उक्को देवाने गुडघ्यावर तळहात चोळले, त्यातून तीन मुली झाल्या. त्यांचं दूध जमिनीवर सांडलं. काळं दूध पडलं तिथे मऊ लोखंड, पांढरं पडलं तिथे पोलाद, तांबडं पडलं तिथे ठिसूळ लोखंड. धाकट्याला आपल्या भावाला, आगीला, भेटायची हौस आली. आग त्याला गिळायलाच उठली. ते घाबरून दलदलीत लपलं, आणि लांडग्या-अस्वलांच्या पावलांनी चिखल उकरला तेव्हा कुठे लोहार इल्मारिनेनला दिसलं. (तुमच्याकडच्या दलदलींतून आणि तळ्यांच्या तळातून खरोखरच लोहखनिज काढत असत. म्हणजे ही कल्पना हवेतली नाही, डोळ्यांनी पाहिलेली आहे.)

भट्टीत जाताना लोखंडाने शपथ घेतली की भावाला कापणार नाही, खायला लाकूड आहे, दगड आहे. मग पाणी द्यायची वेळ आली. आपल्याकडेही लोहार म्हणतातच ना, कोयत्याला पाणी पाजलं की धार बसते. इल्मारिनेनने त्या पाण्यासाठी मधमाशीला मध आणायला पाठवलं. गांधीलमाशी ते लपून ऐकत होती. तिने सापाचं विष आणलं. इल्मारिनेनला वाटलं मधच आला, त्याने तो पाण्यात घातला आणि लोखंड त्यात बुडवलं. लोखंड तिथे बिघडलं, शपथ विसरलं.

आणि आता ऐक. हे सगळं कळल्यावर तिसऱ्या घरातला तो म्हातारा काय करतो? तो लोखंडाला रागावतो. तू दूध होतास तेव्हा एवढा मोठा नव्हतास, चिखलात पडला होतास तेव्हा तुझी ही मिजास नव्हती, ये, आपलं कृत्य बघ, नाहीतर तुझ्या आईला सांगतो. घरातलं वडीलधारं माणूस दांडगाई करणाऱ्या पोराला बोलतं तसं. मग तो रक्ताला थांबायला सांगतो, आणि रक्त थांबतं.

मी पुस्तक मिटून ओट्यावर जाऊन बसलो. आग का ऐकते याचं उत्तर हेच होतं. तुम्ही तिला लहानपणापासून ओळखता म्हणून.

तू फोनवर उच्चारून दाखवला होतास तो शब्द, 'स्युन्त्यु', जन्म. प्रत्येक वस्तूचे जन्मशब्द असतात, ज्याला येतात तो 'तिएताया'. त्याचा शब्दशः अर्थ 'जाणणारा' असं तू सांगितलंस तेव्हा मी गप्प झालो होतो, कारण आमची आजी अंगारा-धुपारा करणाऱ्याला 'जाणता' म्हणायची. कुठे ही गाणी जिथे गात ते करेलिया आणि कुठे पेण, आणि शब्द तोच.

मग मी अथर्ववेदाचं भाषांतर काढलं. अगदी सुरुवातीलाच, पहिल्या कांडात, शराचं सूक्त आहे. शर म्हणजे बोरू आणि शर म्हणजे बाणही. 'विद्मा शरस्य पितरं', या शराचा बाप आम्हाला ठाऊक आहे, तो पर्जन्य. आई ठाऊक आहे, ती पृथ्वी. बरं करणारा आधी आईबापांचं नाव घेतो. मंदार, अंगावर काटा आला. आणखी एक बघ. 'कालेवाला'च्या सत्तेचाळिसाव्या गाण्यात आगीची ठिणगी आकाशातून तळ्यात पडते आणि ती एक मासा गिळतो, त्याला दुसरा, त्याला तिसरा. आपल्या तैत्तिरीय संहितेत अग्नी देवांपासून पळून पाण्यात लपतो आणि त्याचा ठावठिकाणा सांगतो तो मासा. अग्नीने त्याला शाप दिला. एकाने दुसऱ्याचं घेतलं असं मी म्हणणार नाही. पण पाण्याकाठी आग पेटवून बसलेल्या माणसांना दोन्हीकडे आग पाण्यातच लपलेली दिसली, हे मला फार मोलाचं वाटतं.

ही गाणी ज्यांच्या तोंडून आली ती माणसंही बघ. एलियास ल्योनरोट हा कायानीचा सरकारी डॉक्टर. गावोगाव पायी फिरून त्याने गाणी उतरवून घेतली. १८३५ साली पहिली आवृत्ती काढली आणि १८४९ साली वाढवलेली, ५० गाणी, २२,७९५ ओळी. १८८० साली त्याने नुसत्या मंत्रगीतांचा वेगळा संग्रहही छापला. त्याला ज्याने सगळ्यांत जास्त दिलं त्यांतला एक अर्हिप्पा पेर्तुनेन, लात्वायार्वी गावचा शेतकरी. त्याने ल्योनरोटला सांगितलं होतं की लहानपणी मासेमारीच्या रात्री त्याचा बाप आणि एक सोबती शेकोटीजवळ हातात हात धरून रात्रभर गात, आणि एकदा गायलेलं गाणं पुन्हा येत नसे. म्हणजे ही विद्या राजवाड्यातल्या मांत्रिकांची नव्हती. जाळं ओढणाऱ्यांची, भट्टी फुंकणाऱ्यांची होती.

इथेच माझी कादंबरी मोडली, आणि बरं झालं मोडली.

मी पाचही देश पुसून टाकले. आगीचा देश वेगळा आणि पाण्याचा वेगळा, असं कुठे असतं? आपल्याकडे तैत्तिरीय उपनिषदात क्रम आहे: आकाशातून वायू, वायूतून अग्नी, अग्नीतून पाणी, पाण्यातून पृथ्वी. तीही वंशावळच. भावंडं वेगवेगळ्या देशांत राहत नाहीत, एकाच घरात भांडतात. आता माझ्या जगात तत्त्वांची राज्यं जागोजाग एकमेकांत घुसलेली आहेत. खाडीच्या तोंडाशी भरती चढते तिथे एक, भट्टीच्या भात्यापाशी एक, कुंभाराच्या चाकावर एक. ज्याला जायचं त्याने हद्दीवर उभं राहून आधी ओळख द्यायची. ही रीतही तुमच्याकडचीच. 'कालेवाला'तला दुसरा वीर लेमिन्काइनेन रानात शिकारीला जातो तेव्हा रानाचा मालक तापियो आणि मालकीण मिएलिक्की यांची गाण्याने मनधरणी करतो, मग कुठे सावज दिसतं. आपल्याकडे डोहावर साती आसरांची हळदकुंकू वाहून पूजा करतात, ते काय वेगळं आहे?

आणि मांत्रिक? माझ्या आजोबांनी तीस वर्षं मिठागरात काढली. त्यांचे पाय तुला आठवत असतील, आपण लहानपणी त्या भेगांना घाबरायचो. आगर घालायचं तर आधी चिखल पायांनी तुडवून तुडवून तळ दगडासारखा घट्ट करायचा, नाहीतर पाणी मुरून जातं आणि मीठ मातकट होतं. मग भरतीचं पाणी घ्यायचं आणि एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत ऊन-वाऱ्यावर आटवायचं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार. एवढ्याशासाठी केवढं पाणी उडावं लागतं. आजोबा बोट बुडवून चाखायचे आणि सांगायचे, उद्या दुपारी धरेल. दुसऱ्या दिवशी पाण्यावर पांढरी साय धरलेली असायची. त्यांना कुणी जाणता म्हटलं नाही. मी आता म्हणतोय.

म्हणून माझ्या जगातला पहिला मंत्र मिठाचा आहे. लिहायला तीन आठवडे लागले. ढोबळ सांगतो. समुद्राला एक पोर झालं, ते आईच्या पोटातून बाहेर यायला तयार नव्हतं. उन्हाने हाक मारली, आलं नाही. वाऱ्याने हाक मारली, आलं नाही. तेव्हा एका म्हाताऱ्याने जमिनीवर अंथरूण घातलं, पायांनी तुडवून मऊ-घट्ट केलं, आणि आईला म्हणाला, तू जरा बाजूला हो. आई वाफ होऊन वर गेली. पोर उघडं पडलं, थंडीने पांढरं झालं. आई आभाळातून दर पावसाळ्यात त्याला शोधत परत येते, आणि ते भेटलं की विरघळवून घेऊन जाते. ज्याला ही कथा येते तो जखमेतलं मीठ, अश्रूतलं मीठ, नापीक झालेल्या खाजणातलं मीठ, कुणालाही सांगू शकतो: तुझी आई येतेय, वाट सोड.

कादंबरीतली साळू हे करते. तिच्या गावचा बांध फुटून खारं पाणी भातशेतीत शिरलेलं असतं.

यातून एक नियम आपोआप आला आणि आता अख्खी कादंबरी त्याच्यावर उभी आहे. ज्या वस्तूजवळ तुम्ही राहिला नाहीत तिचा जन्म तुम्हाला सांगता येत नाही. खोटं सांगितलं तर उलटतं. तिसऱ्या गाण्यातला तो पोरगा योउकाहाइनेन फुशारकी मारतो ना, की समुद्र नांगरला तेव्हा मी हजर होतो, आभाळाचे खांब रोवले तेव्हा मी होतो. व्हाइनामोइनेन म्हणतो, खोटं, आणि गाऊन त्याला दलदलीत गाडतो. त्याची तलवार वीज होते, धनुष्य पाण्यावरचं इंद्रधनुष्य होतं. वाचताना दृश्य सुंदर वाटतं, आणि मग तो पोरगा जीव वाचवायला आपली बहीण देऊन टाकतो. पुढच्या गाण्यात ती आयनो पाण्यात बुडून जाते. त्या ठिकाणी मी थांबलो. दोन पुरुषांच्या विद्येच्या लढाईची किंमत एका मुलीने दिली. साळूच्या गोष्टीत मला हे विसरायचं नाहीये. तिथे जो खोटं बोलेल ते त्याच्यावरच उलटेल, दुसऱ्या कुणावर नाही. हे कसं जमवायचं ते अजून दिसत नाही.

राजाच्या दरबारातले पाच महामांत्रिक आता बिचकून असतात, कारण त्यांना सगळ्या तत्त्वांची नावं येतात आणि जन्म एकाचाही येत नाही. मंत्र आहेत लोहाराकडे, कुंभाराकडे, कोळणीकडे, धोब्याकडे. कुणाकडेही सगळे नाहीत. मोठं संकट आलं की त्यांना एकमेकांच्या दारात जावं लागतं. आकाशाचं कोडं मला बरेच दिवस पडलं होतं. आकाशाजवळ कोण राहिलंय? मग घटाकाश आठवलं. कुंभार रोज हाताने थोडं आकाश आत कोंडतो. सध्या तरी तो मान त्यालाच दिलाय.

आता माझं मागणं. बाराव्या प्रकरणात साळू उत्तरेला जाते. समुद्र गोठलेला आहे. मी ते प्रकरण तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. तिसाव्या गाण्यात थंडी लेमिन्काइनेनची होडी बर्फात अडकवते आणि त्याच्याही अंगात शिरू बघते, तेव्हा तो तिलाच तिचा जन्म सांगतो: झुडपांत जन्मलीस, सापाने तुला पाजलं. तेही उचलता येणार नाही, ते त्यांचं आहे. आणि माझं म्हणावं तर बर्फ मी पाहिलाय तो मच्छी मार्केटमध्ये, लाकडी भुश्शात गुंडाळलेली लादी. माझ्याच नियमाने मला तो मंत्र लिहिता येत नाही.

तू तिथे सहा हिवाळे काढलेस. नोव्हेंबरात तळ्यावर पहिली साय धरते तेव्हा ती काठाकडून येते की मधून? रात्री आवाज येतो असं तू एकदा म्हणाला होतास, लांबवर कुणी दोर ताणून सोडल्यासारखा. तो कधी येतो, गोठताना की वितळताना? त्यावरून पहिल्यांदा चाललास तेव्हा पायाखाली काय वाटलं? तिथले म्हातारे मासेमार पाऊल टाकायच्या आधी काय बघतात? तुला जमेल तसं लिही, वाक्यं नीट नसली तरी चालतील. बर्फाची आई कोण आणि ते कुणाला घाबरतं, एवढं मला तुझ्याकडून हवंय. ते प्रकरण तुझ्या नावावर असेल.

आईने कोकम आणि पोह्याचे पापड बाजूला काढून ठेवलेत, मामेभाऊ जूनमध्ये तिकडे येतोय त्याच्याबरोबर पाठवतो. सोबत एक पुडी आहे, आजोबांच्या जुन्या आगरातल्या जाड्या मिठाची. या वर्षीचं आहे, जरा मातकट आहे, धुऊन घे.

तुझा,
विकास