व्हायरसला काय मिळतं?

पुणे, रविवार

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

चष्म्याचं घर इथेच विसरलास, उद्या कुरिअर करते. फोनवर तू विचारलंस, "पेशंटच गेला तर व्हायरसला काय मिळतं?" तेवढ्यात कुकरची शिटी झाली आणि राहूनच गेलं.

काही मिळत नाही रे. त्याला कॅन्सर नकोच असतो.

एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू, त्याचा संसार तुटपुंजा. डीएनएच्या प्रती काढायचं सामान पेशीकडून घ्यायचं, आणि ते पेशी विभाजनाच्या तयारीत असली तरच बाहेर निघतं. त्याला मिळालेल्या पेशी तर ते काम थांबवून बसलेल्या. म्हणून त्याचं ई७ प्रथिन आरबीला, म्हणजे पेशीचं विभाजन रोखणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं. आरबीने ई२एफला, विभाजनाची तयारी सुरू करणाऱ्या प्रथिनाला, धरून ठेवलेलं असतं, ती पकड सुटली की पेशी कामाला लागते. अशी अवेळी लगबग दिसली की पी५३ हा पेशीचा पहारेकरी (तोही प्रथिनच) पेशीला थांबवतो, नाहीतर मरायला लावतो. मग येतं विषाणूचं दुसरं प्रथिन, ई६. याची लबाडी मला फार आवडते. एकट्याला पी५३ आवरत नाही, म्हणून पेशीतलंच ई६एपी नावाचं एन्झाइम हाताशी धरतं, त्याच्याकडून पी५३वर युबिक्विटिनचा, म्हणजे 'मोडीत काढा'चा, शिक्का मारून घेतं, आणि पेशीचंच प्रोटिआसोम, प्रथिनं मोडणारं यंत्र, त्याचे तुकडे करतं. भाडेकरूने सोसायटीच्याच लेटरहेडवर वॉचमनला काढून टाकावं, तसं! १९५१पासून लॅबमध्ये वाढवत आलेल्या हेला पेशींत (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या, एचपीव्ही असलेल्या) पी५३चं जनुक आजही धड आहे, प्रथिन तेवढं टिकू दिलं जात नाही.

बहुतेक जणींचा संसर्ग वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. क्वचित रेंगाळतो, आणि त्यातही कधी विषाणूचा डीएनए तुटून आपल्या गुणसूत्रात घुसतो. त्या तुटण्यात बहुधा विषाणूचं ई२ जनुक मोडतं, आणि ई६-ई७वर वचक त्याचाच. ती दोघं मोकाट सुटतात, पण नवे विषाणू बनत नाहीत. त्याचाही वंश बुडाला.

लॅबमध्ये पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची काच, बघताना मनुक्यासारखं सुरकुतलेलं केंद्रक आणि भोवती मोकळं कडं (ही एचपीव्हीची खूण) दिसलं, की मी आधी फॉर्मवरचं वय बघायचे. सवयच लागली होती.

शनिवारी ताई ओवीला घेऊन येतेय. एचपीव्हीच्या लशीतूनच व्हायरस शिरेल, असं ताईच्या डोक्यात बसलंय. आपल्या पुण्याच्या सीरमची लस २०२२मध्ये मंजूर झाली, त्यात नुसतं एल१चं, म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनाचं, रिकामं कवच असतं, ई६-ई७ नावालाही नाही. शुक्रवारी रात्री तिला फोन कर. माझं ऐकत नाही ती.

तुझी,
आई