शिक्षणमंत्री साहेब, फीत कापली, आता कुलूपही काढा

मा. शिक्षणमंत्री,
गोवा राज्य, पर्वरी

साहेब, सप्रेम नमस्कार.

डिचोली तालुक्यातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत जूनमध्ये विशेष मुलांसाठी खोली सुरू झाली. फीत कापली गेली, आम्हा आयांना गुलाबाची फुलं मिळाली आणि 'सोमवारपासून टीचर रोज येणार' असं माईकवरून जाहीर झालं. गणपतीची चवथ उलटली तरी खोलीला कुलूपच. परवा दार उघडं दिसलं म्हणून मुलाला घेऊन धावत गेले, तर आत आहाराची पातेली आणि मोडके बाक रचणं चाललं होतं. "टीचरच नाही, मग खोली रिकामी ठेवून काय करू?" हे उत्तर.

माझा मुलगा सहा वर्षांचा, स्वमग्न आहे. उद्घाटनाला तो त्या खोलीच्या दारातच कान झाकून खाली बसला. बसणारच. भिंतींवर वाघ, फुगे, एबीसीडी, इंद्रधनुष्य, बोटभर जागा कोरी नाही. वर लुकलुकणारी ट्यूबलाईट आणि खडखडणारा पंखा. फोटोवाला म्हणतो, बाळाला जरा हसायला सांगा! अशा मुलांना फिक्या भिंती लागतात, गोंगाट असह्य झाला की शिरायला पडद्याआडचा एक कोपरा लागतो. आधी मणी, मग झोपाळा, मग डबा, असा चित्रांचा तक्ता लागतो. पुढे काय होणार ते दिसलं की माझं पोर निम्मं शांत होतं. पुठ्ठा आणि वेल्क्रोवर भागतं हे. टेंडर काढावं लागत नाही, म्हणूनच बहुधा राहून गेलं. फीत कापायला चकचकीत कात्री आली, कमजोर बोटांना चालणारी स्प्रिंगची एक कात्री मात्र कुणाला सुचली नाही.

कायदा तुम्हाला मी काय सांगणार? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दाखल्यावर किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षं मोफत शिक्षणाचा हक्क आहे. प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, हे प्रमाण केंद्र सरकारने २०२२मध्ये घालून दिलं आणि पदं काढा म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये राज्यांना बजावलं. आमच्या टीचरकडे म्हणे आठ शाळा आहेत, कुणी बारा सांगतं. तीही कंत्राटी. तिच्यावर माझा राग नाही. एवढ्या शाळा फिरणाऱ्या बाईला मुलांची नावं तरी कधी पाठ व्हायची?

तोवर शाळेचा हुकूम असा की, दहा वाजले की मुलाला घरी न्या, बाकीच्यांना त्रास होतो. म्हणून वेर्ण्याची नोकरी सोडून मी शाळेच्या व्हरांड्यात बसते. थेरपीला म्हापसा. बसमध्ये तो ओरडला की मागून कुणीतरी ऐकवतं, पोराला वळण नाही. नवरा दोन पाळ्या करतो आणि घरी आला की बोलत नाही. सासूबाईंनी देवळात कौल लावला. कौल उजवा मिळाला, टीचर मिळाली नाही.

२०२३पासून पणजीत दिव्यांगांचा पर्पल फेस्ट भरतो, देशभरातून माणसं येतात. भरू दे, त्याचा मला अभिमानच आहे. पण मांडवीकाठी सगळं जांभळं आणि आमच्या वाड्यावर कुलूप, हे कसं? शिपायाची जागा निघाली की आमदारांच्या बंगल्यावर रांग लागते, चिठ्ठ्या फिरतात. विशेष शिक्षकाच्या जागेसाठी कुणी चिठ्ठी देत नाही, कारण आमची मतं ती किती? पट नाही म्हणून मराठी शाळा बंद करता आणि पटावर असलेल्या मुलाला दहा वाजता घरी पाठवता. कुणासाठी चालवता मग शाळा?

मला टीचर हवी, रोज हवी, आणि ती कोणत्या तारखेपासून येणार ते लेखी हवं. 'योग्य ती कार्यवाही सुरू आहे' असलं उत्तर पाठवू नका, तसली पत्रं घरात पुष्कळ आहेत.

आपली,
एका विद्यार्थ्याची आई

ता. क. : पत्राची प्रत विरोधकांना पाठवलेली नाही. त्यांनाही राज्य करून झालेलं आहे.